रेट्रोमध्ये पहिल्यांदा बसताना: टीमसोबत शिकायचं कसं

नोकरीचा दुसरा आठवडा संपत आलेला असतो आणि कॅलेंडरमध्ये शुक्रवारी दुपारी चारचं निमंत्रण दिसतं: ‘स्प्रिंट रेट्रो’. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक दिवसांचा टप्पा, आणि रेट्रो (रेट्रोस्पेक्टिव्ह) म्हणजे तो संपताना मागे वळून पाहायला टीमने घेतलेली बैठक. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणतो, “विशेष काही नाही गं, तासभर बसायचं. काय चांगलं झालं, काय वाईट झालं ते सांगायचं.” तुम्ही जाऊन बसता. पाळी आली की “सगळं छान चाललंय, खूप शिकायला मिळतंय” म्हणता आणि सुटल्यासारखं वाटतं.

हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या टीममध्ये मी आठ महिने हेच वाक्य म्हणत होते. त्या आठ महिन्यांत टीम दर पंधरा दिवसांनी एकच तक्रार करायची, टेस्टिंगला वेळ उरत नाही, आणि पुढच्या पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या. पुढे दुसऱ्या टीममध्ये गेले. तिथल्या टीम लीड रेट्रो संपायच्या आत ठरलेल्या एका बदलाचं कार्ड लिहून घ्यायच्या, त्यावर कोणाचं तरी नाव आणि पाहायची तारीख घालायच्या आणि ते टीमच्या कामांच्या बोर्डवर लावल्याशिवाय कोणाला उठू द्यायच्या नाहीत. पुढची रेट्रो त्याच कार्डापासून सुरू व्हायची. एवढ्या एका सवयीने त्या टीमचं काम किती हलकं झालं होतं ते मी रोज अनुभवलं. नव्या माणसाने त्या कार्डापर्यंत कसं पोचायचं, ते इथे पायरीपायरीने सांगते.

आधी थोडी ओळख

११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरातल्या रिसॉर्टवर, सॉफ्टवेअर बनवणारे १७ जण जमले. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी होती, पण जाडजूड कागदपत्रांच्या ओझ्याखाली सॉफ्टवेअर बनवायला सगळेच कंटाळले होते. तिथून अजाइलचा, म्हणजे लहान टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या रीतीचा, जाहीरनामा निघाला: चार मूल्यं, आणि त्यांच्या जोडीला बारा तत्त्वं. त्यातलं बारावं तत्त्व आपल्या विषयाचं मूळ आहे. टीमने ठरावीक काळाने थांबून आपलं काम अधिक परिणामकारक कसं होईल याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे आपलं वागणं बदलावं, असा त्याचा अर्थ. या वाक्यात दोन कामं सांगितली आहेत, विचार करणं आणि बदलणं. मी पाहिलेल्या बहुतेक टीम पहिल्यावरच थांबतात.

स्क्रम, म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करायची पद्धत, त्याआधीची. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी ती १९९५ साली जाहीरपणे मांडली. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीप्रमाणे महिनाभराच्या स्प्रिंटला रेट्रो जास्तीत जास्त तीन तासांची असावी, स्प्रिंट लहान असेल तर त्याहून कमी. आपल्याकडे स्प्रिंट बहुधा दोन आठवड्यांचा असतो, त्याला तास-सव्वा तास पुरतो.

नवे लोक स्प्रिंट रिव्ह्यू आणि रेट्रो यांत हमखास गोंधळतात. रिव्ह्यूमध्ये आपण काय बनवलं ते क्लायंटला किंवा प्रॉडक्टवाल्यांना दाखवतो. रेट्रोमध्ये ते बनवताना आपण कसे वागलो हे आपसांत पाहतो. रेट्रोत डेमो द्यायचा नसतो, स्टेटसही सांगायचं नसतं.

पायरी १: पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. शिकण्याच्या दृष्टीने हे नऊ दिवस सोन्यासारखे असतात. जुन्या माणसांना घरातल्या ज्या उंबरठ्याला ठेच लागणं बंद झालेलं असतं, तो उंबरठा तुम्हाला रोज लागतो. महिनाभरात तुम्हालाही सवय होते आणि तो दिसेनासा होतो. म्हणून लागतो आहे तोवर लिहून ठेवा.

एक साधी फाइल उघडा. अडलात की एक ओळ टाका: काय करत होते, कुठे अडलं, किती वेळ गेला, कशाने सुटलं. उदाहरणार्थ:

“सोमवार. लोकल सेटअप. रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) जावा ११ लिहिलंय, प्रोजेक्टला १७ लागतं. दीड तास. शेजारच्या दादाने सांगितलं.”
“मंगळवार. टेस्ट डेटाबेसचा अ‍ॅक्सेस. कोणाकडे मागायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. तीन जणांना विचारलं. पाच तास.”
“गुरुवार. बिल्ड तुटलं. माझ्यामुळे की आधीचंच, ते कळत नाही. सगळे म्हणाले, ‘ती टेस्ट अशीच अधूनमधून पडते, परत चालव.’”

तिसरी ओळ नीट पाहा. बिल्ड म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून सॉफ्टवेअर तयार करणं, आणि त्यात कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट चालतात. अधूनमधून पडणारी टेस्ट ही टीमने अंगवळणी पाडून घेतलेली गोष्ट आहे. “परत चालव” असं सगळे सहज म्हणू लागले की खरोखरचा बग आला तरी लाल दिव्याकडे कोणी बघत नाही. जुन्यांपैकी कोणी हे रेट्रोत मांडणार नाही, कारण त्यांना ते दिसतच नाही.

आमच्या टीममध्ये आलेल्या एका फ्रेशर मुलीला मशीन लावायला चार दिवस लागले. ती ओशाळली होती, आपल्यालाच जमत नाही असं तिला वाटत होतं. तिच्या फाइलमध्ये अडल्याच्या अकरा जागा निघाल्या. त्यातल्या पाच निव्वळ रीडमीतल्या जुन्या माहितीमुळे होत्या. तिने त्या पाचही स्वतः दुरुस्त केल्या आणि तोच तिचा पहिला पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल टीमच्या कोडमध्ये घ्यावा अशी मागणी) झाला. तिच्यानंतर आलेल्या मुलाचं मशीन दीड दिवसात लागलं. त्या मुलाला मी बसवलं आणि म्हटलं, आता तुला कुठे अडलं ते याच यादीत पुढे लिही.

पायरी २: आदल्या दिवशी पंधरा मिनिटं काढा

रेट्रोत रिकाम्या हाताने गेलं की माणूस कालपरवाचंच बोलतो. दोन आठवड्यांपूर्वीचा पहिला सोमवार कोणालाच आठवत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी जिरा किंवा तुमच्याकडे जो बोर्ड असेल तो उघडा आणि तीन गोष्टी पाहा. कोणतं कार्ड एकाच रकान्यात सगळ्यात जास्त दिवस पडून होतं? कोणतं कार्ड पुढे जाऊन परत मागे आलं? स्प्रिंटच्या मध्येच आत घुसलेलं काम किती होतं?

आकडे मोजा, पण लहान आणि आपल्या टीमचेच. “टेस्टिंग उशिरा मिळतं” असं म्हटलं की टेस्टर लगेच सावध होतो आणि डेव्हलपर मान डोलावतात. “या स्प्रिंटमधल्या नऊ कार्डांपैकी सहा शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला गेली” असं म्हटलं की सगळे बोर्डकडे बघतात. वाद माणसांमधून निघून बोर्डवर जातो. हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की नव्यांना सगळ्यात आधी मोजायलाच शिकवते.

पायरी ३: बोलायचं कसं

नव्यांचं घोडं इथेच अडतं. आपण लहानपणापासून मोठ्यांसमोर उलट बोलू नये असं ऐकत आलो. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तरी पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडबद्दल काही म्हणायचं तर जीभ रेटत नाही. भीड वाटणं साहजिक आहे. पण गप्प राहण्याची किंमत टीम मोजते.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. दिसलं उलटंच: ज्या गटांचं आपसांत चांगलं जमत होतं, त्यांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त घडत होत्या असं नाही, तिथली माणसं त्या मोकळेपणाने सांगत होती, हे तिने पुढे दाखवलं. ज्या रेट्रोत कोणीच काही चुकलं म्हणत नाही, तिथे मला म्हणूनच काळजी वाटते.

मोकळेपणा काही तुमच्या एकट्याच्या हातात नाही, पण वाक्याची घडण तुमच्या हातात आहे. नुसता निष्कर्ष सांगू नका. काय पाहिलं, त्याने तुमचं काय अडलं आणि तुमचा प्रश्न काय, असं सांगा.

“कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणं) कोणी करत नाही” याऐवजी: “माझे दोन पीआर तीन-तीन दिवस पडून होते. तोवर मी दुसरं काम उचललं आणि नंतर परत त्यात शिरायला वेळ गेला. रिव्ह्यू कोणी करायचा हे आपण कसं ठरवतो?”

“रिक्वायरमेंट क्लिअर नसतात” याऐवजी: “लॉगिनच्या कार्डात पासवर्ड तीनदा चुकल्यावर काय करायचं ते नव्हतं. मी अंदाजाने केलं, ते परत करावं लागलं. काम उचलण्याआधी असे प्रश्न विचारायला कोणती वेळ बरी?”

शेवटचा प्रश्न खरा असू द्या. तुम्ही नवे आहात, तुम्हाला खरंच माहीत नसतं, आणि असा प्रश्न ऐकून मोठ्यांनाही उत्तर शोधावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी मराठी मुलामुलींना मी मुद्दाम सांगते. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसू नका. आधी चिठ्ठीवर किंवा ऑनलाइन बोर्डवर लिहा, मग लिहिलेलं वाचून दाखवा. टीममध्ये सगळे मराठी असतील तर खुशाल मराठीत बोला. पण एक जरी सहकारी चेन्नईचा किंवा हैदराबादचा असेल तर सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोला. त्याच्यासमोर आपसांत मराठीत निकाल लावायचा आणि नंतर त्याला थोडक्यात सांगायचं, हे बरोबर नाही. त्या तासात तो टीमच्या बाहेर पडतो.

पायरी ४: घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा

अडचण सापडली की पहिलं कारण समोर दिसतं आणि बहुधा ते एखादं माणूस असतं. तिथेच थांबायचं नसतं. टोयोटाच्या कारखान्यांत ताइइची ओनो यांनी रुजवलेली रीत अशी, की बिघाड दिसला की ‘का?’ विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही ‘का?’ विचारायचं, आणि असं साधारण पाच वेळा करायचं.

एक खरं उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. घटना गिटलॅब या, कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीतली, तारीख ३१ जानेवारी २०१७, आणि तिची हकिकत कंपनीने स्वतःच सविस्तर जाहीर केली आहे. रात्री उशिरा एक इंजिनिअर डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवर काम करत होता. तिथली प्रत मागे पडली होती, म्हणून तिथला डेटा पुसून नव्याने घ्यायचा होता. पुसायची कमांड त्याने दिली, पण ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, त्याने कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरला होता.

इथे थांबलं तर उत्तर एकच: माणूस चुकला, त्याला समज द्या. पुढच्या वेळी दुसरा माणूस दुसऱ्या रात्री तसाच चुकेल. आता पुढे विचारत जाऊ.

चुकीच्या सर्व्हरवर कमांड का गेली? आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे टर्मिनलवर पुरेसं ठळक दिसत नव्हतं.
पुसलं गेलं तरी बॅकअपमधून लगेच परत का आलं नाही? रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता.
का? बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं चालत होतं आणि डेटाबेस ९.६ चा होता, म्हणून ते फसत होतं.
हे कोणाला कळलं का नाही? बॅकअप फसल्याच्या ईमेल निघत होत्या, पण मेल सर्व्हर त्या नाकारत होता.
आणि ईमेल येत नाहीत, बॅकअपची जागा रिकामी आहे, हे कोणी पाहिलं का नाही? बॅकअप परत लावून बघायची जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

शेवटी वाचवलं ते सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. दुरुस्ती चालू असताना कंपनीने ती यूट्यूबवर थेट दाखवली. नंतर ठरवलेल्या उपायांत सर्व्हरनुसार टर्मिनल वेगळं दिसेल अशी सोय करणं होतं, बॅकअप आपोआप तपासणं होतं. या यादीतल्या प्रत्येक गोष्टीवर एक कार्ड करता येतं. ‘यापुढे काळजी घ्यावी’ याचं कार्ड करता येत नाही.

पाच हा आकडा धरून बसू नका. कधी तीन प्रश्नांत तळ लागतो, कधी वाटेत दोन फाटे फुटतात आणि दोन्ही खरे असतात. उत्तरात माणसाचं नाव आलं की ‘त्या जागी मी असते तर मला काय दिसलं असतं?’ असं विचारा. कोणाच्या माथी खापर फोडायचं ठरलं, की पुढच्या वेळी माहिती लपते.

पायरी ५: एकच कार्ड

रेट्रोच्या शेवटी भिंतीवर वीस-पंचवीस चिठ्ठ्या असतात आणि उत्साहात टीम सात गोष्टी बदलायचं ठरवते. मग सोमवारी रोजची कामं सुरू होतात आणि सातही विसरल्या जातात. म्हणून एकच निवडा. फार तर दोन. मतं घ्या, प्रत्येकाला दोन ठिपके द्या, ज्या चिठ्ठीवर जास्त ठिपके ती उचला.

मग तिचं कार्ड लिहा. आमच्या टीममधलं एक कार्ड असं होतं:

काय दिसलं: नऊपैकी सहा कार्डं शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला गेली.
काय करून पाहणार: ‘काम चालू’ या रकान्यात एका वेळी चारच कार्डं. पाचवं उचलावंसं वाटलं तर आधी अडलेल्या कार्डाला हात लावायचा.
कशावरून कळेल: पहिल्या शुक्रवारपर्यंत निदान चार कार्डं टेस्टरकडे पोचली पाहिजेत.
लक्ष कोण ठेवणार: एकाचं नाव. ‘सगळे’ असं लिहायचं नाही.
केव्हा पाहणार: पुढच्या रेट्रोची पहिली दहा मिनिटं.

हे कार्ड बाकीच्या कामांसोबत त्याच बोर्डवर लावा. वेगळ्या फाइलमध्ये गेलं की संपलं. आणि ते इतकं लहान असावं की दोन आठवड्यांत करून होईल. ‘ऑटोमेशन वाढवणे’ हे कार्ड नाही, ती इच्छा आहे. ‘लॉगिनच्या तीन टेस्ट आपोआप चालतील अशा करणे’ हे कार्ड आहे.

आमच्या त्या प्रयोगाचं काय झालं, तेही सांगते. पहिल्या शुक्रवारी टेस्टरकडे चार नव्हे, तीन कार्डं पोचली, आणि त्यातलं एक तिथेच अडून बसलं. रेट्रोत पाहिलं तर कळलं की टेस्टिंगचा सर्व्हर आम्ही दुसऱ्या एका टीमसोबत वापरत होतो आणि त्यांनी त्यावर स्वतःचं बिल्ड चढवलं होतं. आठ-दहा महिने आम्ही हे डेव्हलपर आळशी की टेस्टर हळू या वादात घालवले होते. कामं सगळी शेवटी एकदम येऊन पडत, त्या गर्दीत सर्व्हरची अडचण दिसतच नव्हती. चारची मर्यादा घातली, गर्दी कमी झाली आणि ती वर आली. पुढच्या स्प्रिंटचं कार्ड आपोआप ठरलं: त्या टीमशी बोलून सर्व्हरचे दिवस वाटून घेणे. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला नाही तरी त्याने जे दाखवायचं ते दाखवलं.

दोन रेट्रोंच्या मधले दिवस

रेट्रो पंधरा दिवसांतून एकदा येते. शिकणं रोजचं आहे, आणि नव्या माणसासाठी त्याची दोन मोठी ठिकाणं आहेत.

पहिलं म्हणजे कोड रिव्ह्यू. तुमचे पीआर लहान ठेवा. दोनशे ओळींचा पीआर माणूस वाचतो, दोन हजार ओळींचा नुसता खाली सरकवतो आणि ‘ठीक आहे’ म्हणतो. कोणी शेरा मारला तर दुरुस्ती करून पुढे पळू नका, ‘असं का बरं?’ हे एकदा तरी विचारा. आणि नवे असलात तरी दुसऱ्यांचे पीआर वाचा. ‘ही ओळ मला कळली नाही’ हा उत्तम शेरा आहे. अनेकदा लिहिणारा ती ओळ समजावायला बसतो आणि त्यालाच चूक सापडते.

दुसरं म्हणजे जोडीने कोडिंग. ही रीत केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीतून रूढ झाली. एक जण कीबोर्डवर, दुसरा बघतोय, विचारतोय, पुढचं सुचवतोय, आणि मग अदलाबदल. अनुभवी माणसासोबत बसलात तर कीबोर्ड तुमच्याकडे मागून घ्या. तो भराभर टाइप करणार आणि तुम्ही बघणार, तर तासाभराने तुमच्या डोक्यात फारसं काही उरत नाही. तुम्ही टाइप केलंत की कुठे अडता ते त्याला दिसतं, आणि त्याच्या हातांना सवयीने येणाऱ्या गोष्टी त्याला शब्दांत सांगाव्या लागतात.

अडल्यावर किती वेळ झगडायचं? आमच्याकडे अर्ध्या तासाचा नियम आहे. अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, मग विचारा. विचारताना काय करायचं आहे, काय करून पाहिलं आणि नेमका कोणता एरर येतोय, हे तिन्ही एका मेसेजमध्ये लिहा. नुसतं ‘हाय, वेळ आहे का?’ लिहून उत्तराची वाट बघण्यात दोघांचाही वेळ जातो.

मोजायचं काय

लवकरच तुम्हाला व्हेलॉसिटीचा आलेख दिसेल. स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) पूर्ण झाले, त्याचा हिशेब. पुढच्या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यावं याचा अंदाज बांधायला तो ठीक आहे. त्यावरून दोन टीमची तुलना सुरू झाली की पॉइंट फुगतात, कालचं तीनचं काम आज पाचचं होतं, आणि शिकणं तिथेच थांबतं.

टीम सुधारतेय का हे पाहायचं तर डोरा या संशोधन गटाने रूढ केलेली चार मापं बरी: बदल लिहिल्यापासून ग्राहकाच्या हाती पोचायला किती वेळ लागतो, आपण किती वेळा डिप्लॉय करतो (बदल चालू सॉफ्टवेअरवर चढवतो), त्यातले किती फसतात, आणि फसल्यावर सावरायला किती वेळ लागतो. वेग आणि खात्री, दोन्हींकडे एकत्र बघणं यात आहे. सुरुवातीला यातलं पहिलं एकच कागदावर मोजलंत तरी पुष्कळ.

जिथे अडतं

मॅनेजर रेट्रोत बसले की लोक गप्प होतात, ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक टीममध्ये ऐकली आहे. अप्रेझल ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर चूक सांगणं सोपं नाही. यावर लीडने मॅनेजरांशी आधी खासगीत बोलावं: पहिली चाळीस मिनिटं टीम एकटी बसेल, शेवटी तुम्ही या आणि कार्ड पाहा. बहुतेक जण समजून घेतात. नव्या माणसाने हे भर बैठकीत मांडू नये, लीडला बाजूला गाठून सांगावं.

क्लायंट अमेरिकेत असेल तर रेट्रो रात्री साडेआठला येते. दमलेली माणसं, घरी जेवण खोळंबलेलं, कॅमेरे बंद. अशी रेट्रो उपयोगाची होत नाही. पुण्याची टीम दुपारी आपली रेट्रो करून घेऊ शकते आणि रात्रीच्या कॉलवर तिकडच्यांसोबत फक्त सामाईक मुद्दे बोलू शकते. आळीपाळीने त्यांनीही सकाळी लवकर उठावं, हे मागायला संकोच करू नये.

एकच मुद्दा तीन रेट्रोंमध्ये आला तर तो बहुधा टीमच्या हातातला नसतो. लायसन्स मिळत नाहीत, दुसरी टीम उत्तर देत नाही, असलं काहीतरी. त्यावर पुन्हा पुन्हा बोलून मन कडवट होतं. कोणाकडे, कोणत्या आकड्यासह आणि कोणत्या तारखेपर्यंत न्यायचं, एवढं ठरवून त्याचं कार्ड करा.

आणि रिलीज आहे म्हणून रेट्रो रद्द करू देऊ नका. तास नसेल तर वीस मिनिटं घ्या. धावपळीच्या स्प्रिंटमध्येच सगळ्यात जास्त काही घडलेलं असतं.

पहिल्यांदा तुम्हालाच रेट्रो घ्यायला सांगितली तर

सांगतीलच कधीतरी, आणि हो म्हणा. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी २००६ साली रेट्रोचे पाच टप्पे मांडले, ते आजही सगळीकडे चालतात: वातावरण तयार करणं, माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, काय करायचं ते ठरवणं, आणि बैठक संपवणं. तासाभराच्या रेट्रोसाठी मी वेळ अशी वाटते.

पहिली दहा मिनिटं मागचं कार्ड. झालं का, काय दिसलं, पुढे चालू ठेवायचं का. त्यातच प्रत्येकाकडून एक-एक शब्द बोलून घ्या. पहिल्या पाच मिनिटांत ज्याने तोंड उघडलं नाही तो बहुधा शेवटपर्यंत उघडत नाही.

पुढची पंधरा मिनिटं माहिती. त्यातली पहिली सात पूर्ण शांततेत, प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठ्या लिहायच्या. ही शांतता अवघड वाटते, तरी मोडू नका. मोठ्याने बोलणाऱ्याचं मत सगळ्यांच्या डोक्यात बसण्याआधी शांत माणसाचं कागदावर उतरायला हवं. मग नव्यापासून सुरू करून अनुभवींकडे जात चिठ्ठ्या वाचा. उलट क्रमाने गेलात तर नवे लोक ‘माझंही तेच’ म्हणतील.

पुढची वीस मिनिटं सारख्या चिठ्ठ्या एकत्र करून, ठिपके देऊन निवडलेल्या एका मुद्द्यावर ‘का?’ विचारायला. इथे वेळ कमी पडतो. बोलणं रंगलं तरी बरोबर पंचेचाळिसाव्या मिनिटाला थांबवा.

दहा मिनिटं कार्ड लिहायला. स्क्रीन शेअर करून, सगळ्यांसमोर, त्यांच्याच शब्दांत. लक्ष ठेवायला कोणीच पुढे आलं नाही तर तो मुद्दा टीमला खरंच नकोय असं समजा आणि दुसरा निवडा.

उरलेली पाच मिनिटं आभारांना. कोणी कोणाला नेमकी काय मदत केली, नाव घेऊन. ‘थँक्स टीम’ नको. ‘मंगळवारी रात्री तू माझ्यासोबत तो लॉग वाचत बसलास’ असं.

कॉल सोडण्याआधी कार्ड बोर्डवर दिसतंय ना ते पाहा आणि पुढच्या रेट्रोचं निमंत्रण पाठवताना त्यात त्याची लिंक टाका. सोमवारच्या स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) इतर कामांआधी तेच कार्ड वाचून दाखवा. बुधवारी दुपारी, ज्याचं नाव त्यावर आहे त्याला एक मेसेज करा: “कार्ड कुठवर आलं? माझी काही मदत हवी आहे का?”